१.३ मल्टिजेट आणि डीडीआयएस: चढावर पिकअप जातो, बंद-चालू केलं की परत येतो

फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन, फियाट त्याला मल्टिजेट म्हणायची, मारुती डीडीआयएस. लक्षण बहुतेकांचं सारखंच असतं. सपाट रस्त्यावर गाडी नीट चालते. चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, आरपीएम अडीच हजारांच्या पुढे गेला की एकदम दम जातो. चेक लाइट लागते, कितीही रेस दिली तरी गाडी ओढत नाही. बाजूला घेऊन चावी बंद केली, अर्धा मिनिट थांबून परत स्टार्ट केली की गाडी ठणठणीत. पुढच्या मोठ्या चढाला पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, दोषाचा कोड पुसला जातो, फार तर ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ होतो. आठवडाभराने गाडी परत दारात. दोन-तीन फेऱ्यांनंतर निदान ठरलेलं: टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) गेला. खरं तर जो टर्बो चावी फिरवल्यावर लगेच पहिल्यासारखा जोर देतो, तो सहसा मेलेला नसतो. तुटलेला टर्बो रिस्टार्टने जोडला जात नाही. रिस्टार्टने फक्त ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, लावलेलं बंधन सुटतं. ईसीयू मागणी आणि प्रत्यक्ष आकडा यांची सतत तुलना करतो. हवेचा दाब, हवेचं वजन, रेलमधला (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी सामाईक नळी) डिझेलचा दाब, यांतलं काहीही ठरावीक वेळ मागणीशी जुळलं नाही की तो इंधन कापतो, म्हणजे लिंप मोड. नव्याने चावी दिली की तो मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, पण मूळ दोष जागच्या जागी असतो. म्हणून कोड पुसणं ही दुरुस्ती नव्हे, उलट पुरावा नष्ट करणं आहे.

आधी इंजिन कोणतं ते पाहा

१२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट. बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी. टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे. टॅपेट हायड्रॉलिक, त्यामुळे क्लिअरन्स लावायचा प्रश्न नाही. कॉमन रेल, दाब कमाल १६०० बारच्या घरात. ईसीयू मॅग्नेटी मारेलीचा. युरोपात हे इंजिन २००३ मध्ये आलं, आपल्याकडे २००७ च्या सुरुवातीला स्विफ्ट डिझेलमधून घराघरांत पोचलं. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं, फियाट आणि टाटासाठी पुण्याजवळ रांजणगावला. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, एसएक्स४, सियाझ, इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट, पुंटो, लिनिया, शेवरोले सेल अशी यादी बरीच लांबते. 'राष्ट्रीय इंजिन' हे टोपणनाव त्याला उगीच मिळालं नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा उत्सर्जनाचा नियम लागू झाला आणि मारुतीने डिझेलच सोडलं, तेव्हा हे इंजिन इथे संपलं. म्हणजे रस्त्यावर आता जी आहेत ती सगळी वापरलेलीच.

तपासणीच्या दृष्टीने यांचे दोन प्रकार पडतात आणि ते न ओळखता सुरुवात केली की दिवस वाया जातो.

७५ पीएसच्या इंजिनात साधा टर्बो असतो. मारुतीत १९० एनएम, फियाटच्या ट्यूनमध्ये १९७. जास्तीचा दाब वेस्टगेटमधून सुटतो. यात टर्बोत हलणारे भाग कमी, त्यामुळे टर्बोच्याच यंत्रणेने लिंप मोड येणं तुलनेने कमी. होज फाटला तर बहुतेकदा चेक लाइट न लागता काळा धूर आणि मंद पिकअप एवढंच दिसतं. लाइट लागून दम जात असेल तर संशय आधी रेल प्रेशर, ईजीआर आणि सेन्सरवर घ्या.

९० पीएसचा (एर्टिगा, सियाझ, एसएक्स४, मांझा, लिनिया, ९० ची पुंटो) टर्बो व्हेरिएबल जॉमेट्रीचा. टॉर्क २०० ते २०९ एनएम. आतल्या पात्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ॲक्चुएटरने उघडझाप करतात. चढावर दम जाणं, रिस्टार्टने परत येणं, ही तक्रार याच प्रकारात सगळ्यात जास्त. बरेचदा कारण असतं व्हॅक्यूमची कुठलीतरी पाइप किंवा कार्बनने चिकटलेल्या पात्या.

स्कॅनर लावलात तर हे वाचा

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या: कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, कूलंटचं तापमान किती, लोड किती. कोड २८०० आरपीएमला पूर्ण लोडवर पडला की ट्रॅफिकमध्ये ९०० वर, एवढ्यावरून अर्धं काम होतं. फोनला जोडायचा साधा ब्लूटूथ डोंगल बऱ्याच गाड्यांना पुरतो. सुरुवातीच्या वर्षांच्या काही गाड्या त्याला दाद देत नाहीत, तिथे कंपनीचा किंवा चांगला मल्टिब्रँड स्कॅनर लागतो.

पी०२९९ म्हणजे दाब कमी पडला, पी०२३४ म्हणजे जास्त झाला. या दोघांची गल्लत करू नका, कारण दुसऱ्या कोडला होज बदलून काही होत नाही. पी०४०१ आणि पी०४०२ ईजीआरच्या प्रवाहाचे. पी०१०१ एअर मास सेन्सरचा. पी००८७ रेलमधला दाब कमी. पी००१६ क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, म्हणजे बहुधा टायमिंग चेन. पी०५०४ ब्रेकच्या स्विचचा, आणि हा हमखास दुर्लक्षित राहतो. ब्रेक पेडलच्या स्विचमधले दोन संपर्क वेगवेगळं सांगू लागले की ईसीयूला वाटतं चालकाने ब्रेक आणि रेस एकत्र दाबलेत, आणि तो रेस कापतो. भाग स्वस्त, बदलायला दहा मिनिटं. ब्रेक लाइट कधी लागते, कधी नाही, असं होत असेल तर इंजिनला हात लावण्याआधी तो बदला.

कोड नसतानाही एक गोष्ट फुकटात कळते. चावी ऑन, इंजिन बंद, आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) प्रेशर सेन्सरचा आकडा पाहा. तो त्या जागेच्या हवेच्या दाबाएवढा हवा. मुंबईत १०१० मिलिबारच्या आसपास, पुण्यात ९५० च्या जवळ, महाबळेश्वरला ८६० च्या आसपास. पुण्यात उभी गाडी १०३० किंवा ८८० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. तो काढला तर टोकाला काजळी आणि ऑइलचा लेप सापडतो. इलेक्ट्रिकल क्लीनरने हलकेच धुवा, टोचून खरवडू नका.

एअर मास सेन्सरचा हिशेबही डोक्यात करता येतो. एका सिलिंडरचं आकारमान ३१२ सीसी. गरम इंजिन, आयडल, ईजीआर बंद असताना एका स्ट्रोकला ३०० मिलिग्रॅमच्या घरात हवा दिसली पाहिजे, पुण्याच्या उंचीवर थोडी कमी. ईजीआर उघडला की ती स्पष्ट खाली यायला हवी. ईजीआर बंदची आज्ञा आहे आणि तरी आकडा १८०-२०० वर अडकलाय, तर एक तर ईजीआर बंद होत नाही किंवा सेन्सर मळलाय. दोन्हींत फरक करायचा तर ईजीआरच्या तोंडावर तात्पुरती पत्र्याची चकती लावून पुन्हा आकडा पाहा. वर आला तर ईजीआर दोषी. काम झालं की चकती काढा.

ती चकती कायमची लावून देणारे बरेच आहेत. बीएस-४ गाड्यांचा ईसीयू प्रवाह तपासतो, त्यामुळे पी०४०१ येऊन लाइट तशीच राहते, आणि उत्सर्जनाच्या नियमात ते बसत नाही ते वेगळंच.

हवेचा रस्ता: पहिला तास इथे घालवा

एअर फिल्टरपासून टर्बो, टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर), इंटरकूलरपासून मॅनिफोल्ड. नुसतं बघून भागत नाही. इंटरकूलरला खालून येणारा रबरी होज वरून अर्धाच दिसतो. चीर बहुतेकदा दडलेल्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला लागून असते. गाडी उभी असताना ती मिटलेली असते, दाब आला की ओठांसारखी उघडते. होज दोन्ही हातांनी पिळून वाकवून बघा. बाहेरून ऑइलचा ओला पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर चीर तिथेच.

नक्की करायचं असेल तर दाब देऊन बघा. एअर फिल्टरकडून टर्बोला जाणाऱ्या पाइपच्या तोंडाला बूच बसवा, त्याला हवा भरायची नळी जोडा आणि ०.७ ते १ बारपर्यंतच हवा सोडा. त्यापेक्षा जास्त नको, सील फुटतात. साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर मारा. बुडबुडे जिथे, गळती तिथे. ऑइल फिलरचं झाकण आणि डिपस्टिक जागेवर आहेत ना बघा, नाहीतर ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये सोडणारी नळी) जाणारी हवा गळती समजून तुम्ही नको तिथे शोधत बसाल. इंटरकूलरची प्लास्टिकची टोकं आणि ॲल्युमिनियमचा गाभा यांचा जोडही साबणाने भिजवायला विसरू नका. समोर दगड लागलेल्या गाड्यांत गळती तिथे मिळते.

होजच्या आत ऑइलचा पातळ थर असतोच, तो ब्रीदरचा. थेंब साचलेले असतील, होज काढताच ऑइल ओघळत असेल तर मात्र टर्बोचं सील किंवा जास्त भरलेलं ऑइल, यापैकी एक. फाटलेल्या होजला टेप, सोल्युशन, ट्यूबचा तुकडा असले जुगाड दोन दिवसही टिकत नाहीत. नवा होज आणि शक्यतो कंपनीचेच क्लॅम्प घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पातळ पट्टीचे क्लॅम्प रबरात रुततात आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते.

९० पीएस: व्हॅक्यूम आणि पात्या

बॉनेट उघडा, टर्बोच्या ॲक्चुएटरचा दांडा शोधा. कोणाला तरी गाडी स्टार्ट करायला सांगा. इंजिन लागताच दांडा आत ओढला गेला पाहिजे आणि बंद केल्यावर सावकाश मूळ जागी आला पाहिजे. दांडा हलतच नाही, किंवा अर्ध्यातच अडकून झटक्याने सुटतो, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

हलत नसेल तर व्हॅक्यूम पोचत नाही. व्हॅक्यूम पंपाकडून येणाऱ्या बारीक रबरी पाइपा इंजिनच्या उष्णतेने कडक होतात, टोकाला भेगा पडतात. टोकाचा सेंटीमीटरभर भाग कापून परत बसवणं हा तात्पुरता इलाज, पूर्ण पाइप बदलणं खरा. नंतर व्हॅक्यूम सोलनॉइड (ईसीयूच्या हुकुमावर व्हॅक्यूम कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह). त्याच्या आउटलेटला गेज लावून रेस बदलताना व्हॅक्यूम बदलतो का पाहा. शेवटी ॲक्चुएटरच्या नळीला हाताचा व्हॅक्यूम पंप लावा, सुई अर्धा बारपर्यंत आणा आणि एक मिनिट थांबा. सुई खाली सरकली तर आतला पडदा फाटलाय.

हाताच्या पंपाने दांडा अडखळत, टप्प्याटप्प्याने सरकतो असं दिसलं तर पात्या काजळीने चिकटल्यात. ही गाडी बहुधा वर्षानुवर्षं शहरात दीड हजार आरपीएमवर चालवलेली असते. पात्या एकाच पट्ट्यात हलत राहतात, त्यापलीकडे कार्बनची कड तयार होते. मग अचानक लांब चढ येतो, पात्या बंद बाजूला जातात आणि उघडायला लागताच त्या कडेला अडतात. दाब वाढतच जातो, पी०२३४, लिंप मोड. घाटातच का होतं आणि शहरात का नाही, याचं उत्तर हेच. अडकणं थोडं असेल तर गरम इंजिनने मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमच्या वर पंधरा-वीस मिनिटं नेटाने चालवल्यावर बराच फरक पडतो. जास्त असेल तर टर्बो काढून हाउसिंग उघडून पात्यांची रिंग साफ करणं आलं. दांड्याच्या टोकाचा स्टॉप स्क्रू मात्र फिरवू नका. तो कारखान्यात फ्लो बेंचवर लावलेला असतो, डोळ्याने परत लागत नाही.

ईजीआर: साफ करून परत का भरतो

दोन-तीन बोल्ट, एक कनेक्टर, गॅस्केट. काढणं सोपं, म्हणून सगळे तेवढंच करतात. कार्ब क्लीनरचा फवारा फक्त गॅसच्या बाजूला मारा, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्सची बाजू वर धरा. प्लंजर स्क्रूड्रायव्हरने दाबून फिरवू नका. गॅस्केट नवीनच टाका. बसवल्यावर चावी ऑन करून थोडं थांबा, बंद करा, परत ऑन करा, म्हणजे व्हॉल्व्ह आपली बंद जागा नव्याने शिकतो.

तो महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा भरतो याचं कारण व्हॉल्व्हमध्ये नसतं. कोरडी काजळी सहसा अडकत नाही, ती ऑइलच्या वाफेत मिसळली की डांबरासारखी घट्ट होते. ही वाफ येते ब्रीदरमधून. म्हणून व्हॉल्व्हबरोबर इनटेक मॅनिफोल्ड साफ करा, ब्रीदरची नळी आणि तिचा सेपरेटर तपासा आणि ऑइलची पातळी बघा. या इंजिनात ऑइल बसतं तीन-सव्वातीन लिटर. 'चार लिटरचा डबा आहे, उरलेलं टाकून देतो' म्हणत अख्खा डबा ओतला की जास्तीचं ऑइल फेसाळून ब्रीदरमधून थेट इनटेकमध्ये जातं. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या किंचित खाली, बस.

पी०४०१ वारंवार येतो आणि व्हॉल्व्ह स्वच्छ आहे, अशा वेळी ईजीआर कूलर आतून बंद झालेला असू शकतो. तो काढून उजेडासमोर धरा.

डिझेलची बाजू

रेलचा दाब कमी पडण्याची (पी००८७) तक्रार ओळखायची खूण: दम जातो तो पूर्ण लोडवर, वरच्या आरपीएमला, आणि अनेकदा इंजिन झटका देऊन बंदही पडतं. सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. चौथ्या गिअरमध्ये, रेस पूर्ण दाबून, रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी पाहा. गरम इंजिनच्या आयडलला २५० ते ३०० बार असतो, आणि तिथे दोन्ही आकडे सहसा जुळतातच, त्यामुळे आयडलवर बघून काही निष्पन्न होत नाही. लोडवर मिळालेला दाब शंभरेक बारने मागे पडून तिथेच राहत असेल तर पुरवठा तुटतोय.

डिझेल फिल्टरपासून सुरुवात करा. आपल्याकडच्या डिझेलला २०,००० किमी पुरेत, पंपावर भेसळीचा संशय असेल तर त्याआधीच. जुना फिल्टर काढून त्यातलं डिझेल काचेच्या ग्लासात ओता, दहा मिनिटं ठेवा. तळाशी पाण्याचा थर, तांबूस गाळ किंवा चकाकणारी बारीक धूळ यांपैकी काय दिसतं ते बघा. पाणी असेल तर टाकीही रिकामी करून धुवा. चकाकणारी धूळ म्हणजे हाय प्रेशर पंप स्वतःच झिजून कण सोडतोय. नुसता पंप बदलून थांबलात तर तेच कण रेल आणि इंजेक्टरमध्ये राहतात आणि नवे भाग खातात.

फिल्टर चांगला असेल तर हवा शोधा. फिल्टरनंतर पंपाकडे जाणाऱ्या पाइपच्या जागी हातभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोडा आणि रेस द्या. बुडबुड्यांची माळ अखंड चालू असेल तर फिल्टरचा ओ-रिंग, जोडाचे क्लॅम्प, नाहीतर टाकीपासूनच्या पाइपला कुठेतरी हवा लागतेय. फिल्टर बदलल्यानंतर लगेच तक्रार सुरू झाली असेल तर ओ-रिंग जवळजवळ नक्की. नवा फिल्टर लावल्यावर सिस्टिम भरून घ्या: हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत, टाकीत विजेचा पंप असेल तर चार-पाच वेळा चावी ऑन-ऑफ करून. कोरड्या पंपावर सेल्फ मारत बसणं महागात पडतं, कारण त्या पंपाचं वंगण डिझेलच आहे.

मग रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडा, मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करा, गरम इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवा. चारही बाटल्यांत साधारण सारखं डिझेल यायला हवं. एखादीत बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त आलं तर तो इंजेक्टर (गॅरेजच्या भाषेत नोझल) आतून गळतोय आणि रेलचा दाब तोच खातोय. चारही बाटल्यांत सारखं आणि कमी असेल, तरी दाब पडतोय, तर पंपावरचा प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा पंप. दुसरा नोझल लावला तर त्याच्या डोक्यावर छापलेला कोड ईसीयूत भरावा लागतो. तो न भरता सोडलेल्या गाड्या खडखडतात, धूर मारतात, आणि दोष नव्या नोझलवर जातो.

इथे एक ताकीद. इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपचा नट सैल करून 'कोणता सिलिंडर मारतो' बघायची जुन्या डिझेलची सवय कॉमन रेलला चालत नाही. शेकडो बारच्या दाबाची धार कातडीतून आत घुसते, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि हात गमवायची वेळ येते. इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबल्याशिवाय तिथे पाना लावू नका.

नोझलच्या बुडाशी काळं डांबर जमलंय, थंडीत 'छक् छक्' आवाज येतो, एसी लावला की केबिनमध्ये धुराचा वास, ही नोझलच्या सीटमधल्या (तो बसतो त्या खाचेतल्या) तांब्याच्या वॉशरची गळती. लिंप मोडशी तिचा थेट संबंध नाही, पण ठेवली तर सीट जळते आणि नोझल निघता निघत नाही. सीट कटरने साफ करा, वॉशर आणि क्लॅम्पचा बोल्ट नवा घ्या.

चेनचा आवाज येत असेल तर वरचं सगळं थांबवा

सकाळी स्टार्ट करताना सेकंद-दोन सेकंद खडखड होऊन थांबते, इतपत चालतं. गरम इंजिनवर आयडलला टायमिंगच्या बाजूने साखळी घासल्याचा आवाज, पिकअप एकंदरच मंद, आणि पी००१६, हे तिन्ही एकत्र असेल तर गाडी टो करून न्या. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. तीन-सव्वातीन लिटरमधलं अर्धा लिटर कमी होणं म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा कमी. पातळी खाली, ऑइल जुनं आणि काळं, मग टेन्शनर ढिला, चेन फडफडते, गाइड झिजतात. चेनने दात सोडले की रॉकर आर्म तुटतात, आणि नशीब बरं असेल तर व्हॉल्व्ह वाचतात.

चेन एकटी बदलू नका. चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड आणि स्प्रॉकेट असा पूर्ण संच घ्या. क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना असल्याशिवाय हे काम हाती घेणारा मिस्त्री टाळा, व्हाइटनरच्या खुणांवर हे टायमिंग जमत नाही. संप (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) उघडलाच आहे तर ऑइलची जाळी नक्की धुवा. आधीच्या कोणीतरी भरपूर सिलिकॉन लावून संप बसवलेला असेल, तर त्याचे तुकडे या जाळीत अडकलेले सापडतात, आणि बऱ्याचदा टेन्शनर ढिला पडायचं खरं कारण तेच असतं. नवीन सिलिकॉन लावताना आतल्या कडेला जाड वळी फुगून येणार नाही इतकाच लावा. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, बहुतेक गाड्यांना ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०, आणि १०,००० किमी किंवा एक वर्ष यापैकी जे आधी येईल तेव्हा बदली. दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघा, सर्व्हिसची वाट पाहू नका.

टर्बो खरोखर गेलाय हे कसं ओळखायचं

इनटेक पाइप काढा, बोटाने शाफ्ट फिरवा. बाजूला किंचित हलणं चालतं, ऑइलची फिल्म नसल्यामुळे ते जाणवतंच. पुढे-मागे हालचाल हाताला जाणवली, किंवा शाफ्टवरच्या चाकाच्या पात्यांच्या टोकांनी घराला घासल्याच्या चकाकत्या खुणा दिसल्या, तर टर्बो गेला. निळा धूर, ऑइल पिणं आणि रेससोबत चढत जाणारी शिट्टी हे त्याचे साथीदार. यांतलं काही नसेल तर टर्बोवर खर्च करू नका.

बदलायचाच झाला तर ऑइल फीड पाइप नवी टाका. जुनीत कार्बनची साल धरलेली असते आणि नवा टर्बो तिच्यापायीच कोरडा पडतो. रिटर्न पाइप मोकळी आहे का बघा, इंटरकूलर उलटा करून जुनं ऑइल आणि धातूचे तुकडे काढा, ऑइल आणि फिल्टर बदला. बसवण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या तोंडातून थोडं स्वच्छ ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवा. इंजेक्टरचे कनेक्टर काढून, इंजिन न लागता, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारा. मग कनेक्टर लावून स्टार्ट करा आणि पाच मिनिटं नुसत्या आयडलवर ठेवा.

चाचणी कुठे घ्यायची

गॅरेजच्या गल्लीत फेरी मारून गाडी ताब्यात घेऊ नका. जिथे दम जायचा तसाच चढ निवडा. पुणेकरांना खंबाटकी किंवा कात्रज, मुंबईकरांना बोरघाट. इंजिन पूर्ण गरम, एसी चालू, तिसऱ्या गिअरमध्ये १८०० पासून ३५०० आरपीएमपर्यंत पूर्ण रेस, आणि त्याच वेळी शेजारी बसलेल्याने फोनवर मॅनिफोल्ड प्रेशर, एअर मास आणि रेल प्रेशर रेकॉर्ड करावं. मॅनिफोल्डचा आकडा २००० मिलिबारच्या वर जाऊन स्थिर राहिला, एअर मास रेससोबत न अडखळता वाढला, रेलचा दाब मागणीला चिकटून राहिला, तर काम झालं. पुसलेल्या कोडपैकी एखादा प्रलंबित यादीत पुन्हा दिसला तर लाइट लागायची वाट न बघता त्याची फ्रीझ फ्रेम जुन्या नोंदीशी ताडून पाहा. आरपीएम आणि लोड तेच असतील तर मूळ दोष निघालेला नाही, वेगळे असतील तर हा दुसरा दोष आहे आणि तपासणी हवेच्या पाइपपासून नव्याने करायची.